परसातल्या पाखरांसाठी निकॉन पी ९५०

पहिल्यांदा खोक्यावरचा '८३ पट झूम' हा आकडा बाजूला ठेवा. दुकानदार तोच पुढे करतो, व्हिडिओवाले त्याच्यावरच अर्धा तास बोलतात, चंद्रावरचे खड्डे दाखवतात आणि आपण गार. मी हा कॅमेरा वापरते तो घरामागच्या परसात, आणि तिथे पूर्ण झूमची गरज क्वचितच पडते. तरीही परसातल्या पाखरा-किड्यांचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घेऊ, असं कोणी विचारलं की मी निकॉन कूलपिक्स पी ९५० चंच नाव सांगते. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते दुकानात कोणी सांगत नाही.

आमचं घर देवरूखला. पुढे खळं, मागे परस. बागबिग काही नाही. एक रायवळ आंबा, विहीर, सांडपाण्यावर पोसलेली जास्वंद आणि केळी, कागदी लिंबू, शेवगा, आणि हद्दीला चिऱ्याचा गडगा. गडग्यापलीकडे शेजाऱ्यांच्या काजी आणि एक मोठा उंबर. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान साडेनऊला उघडतं. त्याआधीचा आणि रविवारचा वेळ जमेल तसा माझा. स्वयंपाकघराची खिडकी परसात उघडते आणि माझी निम्मी फोटोग्राफी त्या खिडकीतून, गॅसवर चहा ठेवलेला असताना होते. हे सगळं सांगायचं कारण, कॅमेरा चांगला की वाईट हे तो कुठे वापरणार त्यावर ठरतं. ताडोबाला जिप्सीत बसून वाघ टिपायचा असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, तुम्हाला दुसरं काहीतरी लागेल.

आधी यंत्राची ओळख. जानेवारी २०२० मध्ये हे मॉडेल जाहीर झालं. भिंग कायमचं जोडलेलं, २४ ते २००० मिलिमीटर. हा आकडा फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने. भिंगाची खरी फोकल लांबी ४.३ ते ३५७ मिलिमीटर. सेन्सर १६ मेगापिक्सेलचा, आकाराने १/२.३ इंची, म्हणजे जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटर. करंगळीच्या नखावर मावेल. वजन बॅटरीसकट साधारण एक किलो. एवढा लांबचा झूम एक किलोत बसतो तो त्या इवल्या सेन्सरमुळेच, आणि या कॅमेऱ्याच्या बहुतेक उणिवाही फिरून त्या सेन्सरपाशीच येतात. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढे चिडचिड होत नाही.

आता झूमचा खरा हिशेब. पूर्ण २००० वर, सहा मीटर अंतरावर, फ्रेमची रुंदी भरते जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत दहा सेंटिमीटरचा. म्हणजे तो फ्रेममध्ये कसाबसा कोंबला जातो, जरा मान वळवली की चोच बाहेर. बुलबुल वीस सेंटिमीटरचा. त्याला सहाशे-आठशे पुरतात. शिवाय पूर्ण झूमवर हे भिंग पाच मीटरच्या आत फोकसच करत नाही. त्यामुळे ज्यांचं परस म्हणजे दोन पावलांची बाल्कनी आणि चार कुंड्या, त्यांनी एवढा झूम घेऊन करायचं काय? कुंडीवर आलेला शिंजीर टिपायला त्यांना झूम मागेच घ्यावा लागेल.

माझी पाण्याची परळ म्हणूनच खिडकीपासून सहा-सात मीटरवर आहे, जास्वंदीच्या एका अंगाला. अगदी उघड्यावर ठेवली तर पाखरं बिचकतात, झुडपात खुपसली तर मांजर दबा धरून बसतं. पाणी दोन बोटं, जास्त नाही. परळीमागे चार-पाच मीटर मोकळं सोडलं की गडगा धूसर होतो आणि पाखरू उठून दिसतं. छोट्या सेन्सरवर मागचं धूसर होतच नाही असं लोक ठामपणे सांगतात. ते अर्धंच खरं. लांब झूमवर होतं, फक्त मागची वस्तू खरोखरच मागे हवी. परळीच्या बाजूला एक वाळकी काटकी रोवून ठेवली आहे. पाण्यावर उतरण्याआधी पाखरू त्या काटकीवर बसून चौफेर बघतं, आणि फोटो तिथेच काढायचा. पाण्यात उतरल्यावर नुसता फडफडाट.

पूर्ण झूम लागतो तो उंबरावरच्या पाहुण्यांसाठी. उंबर पिकला की कधी कधी मलबारी कवड्या धनेश येतात. चांगला हातभर पक्षी, तरी चाळीस मीटरवर साध्या कॅमेऱ्यात ठिपका. इथे २००० कामाला येतात आणि चोचीवरच्या त्या पिवळ्या शिरस्त्राणावरचा काळा डागसुद्धा दिसतो. पण सकाळी लवकर. दहानंतर मधल्या कौलांवरून आणि पत्र्यांवरून गरम हवा वर जाऊ लागते आणि फोटो पाण्यातून काढल्यासारखा थरथरतो. त्याला ना ट्रायपॉड उपयोगी, ना कॅमेऱ्यातली कंप थोपवणारी सोय. बरेच जण यालाच भिंगाचा दोष समजतात.

लांबच्या झूमचं मला खरं मोल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी: जवळ जावं लागत नाही. विहिरीच्या कठड्यावर ऊन खायला येणारी धामण आहे. तिच्या डोळ्याभोवतीचे खवले दिसतील असा फोटो मी पडवीतून काढते आणि तिला माझा पत्ताही नसतो. वैशाखात सरड्यांचे नर गळा लाल करून गडग्यावर जोर काढतात, तेव्हाही तेच. मोबाइल घेऊन त्यांच्या तोंडासमोर गेलं तर फोटो मिळतो तो पळणाऱ्या शेपटीचा. शेजारच्या काकू गडग्यापलीकडून बघत असतात. "अगो, सरड्याचे कसले फोटो काढतेस? नातीचे काढ की, गोरीगोमटी आहे!" नातीचेही काढते. ती सरड्यापेक्षा जास्त हलते.

आता प्रकाश. या कॅमेऱ्याची सगळी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. झूम पूर्ण मागे असताना भिंगाचं तोंड एफ/२.८ इतकं उघडतं, पूर्ण पुढे नेलं की एफ/६.५. म्हणजे प्रकाश पाचपटीहून कमी. त्यात सेन्सर नखाएवढा. जुलैत सकाळी सातला आंब्याखाली जो उजेड असतो त्यात दयाळाचा फोटो काढायचा तर शटर १/२५० सेकंदावर ठेवल्यावर आयएसओ, म्हणजे कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, ३२०० वर जाऊन बसतो, आणि मग पिसं शेणाने सारवल्यासारखी सपाट दिसतात. कॅमेरा ६४०० पर्यंत जातो असं माहितीपत्रकात आहे. जातो, पण तिथे काढलेला फोटो पक्षी ओळखायला ठीक, भिंतीवर लावायला नाही. मी ८०० च्या वर जाऊ देत नाही. चांगल्या फोटोसाठी ४०० च्या आतच. उजेड नसेल तर शटरचा वेग उतरवते. कंप थोपवणारी सोय खरोखर चांगली आहे, तांदळाच्या पिशवीवर टेकवला तर १/६० लाही बसलेलं पाखरू नीट येतं. अट एवढीच की पाखरानेही हलता कामा नये, आणि ते त्याला कोण सांगणार?

तांदळाची पिशवी म्हणजे जुन्या उशीच्या अभ्र्यात उकडे तांदूळ भरून शिवलेली. खिडकीच्या चौकटीवर ठेवायची, वर कॅमेरा रोवायचा. बाजारात याच कामाच्या पिशव्या महागात मिळतात. पावसाळ्यात टोके होतात तेवढी काळजी घ्यायची, आणि सासूबाईंनी ती पिशवी डब्यात ओतायच्या आत उचलून ठेवायची.

तर, प्रकाशाचा हा दोष जंगलात जाऊन काढायच्या फोटोंना मारक आहे. तिथे चार तास गाडी चालवून गेलेलो असतो, पक्षी एकदाच दिसतो, नेमका सावलीत बसतो, आणि हातात हा कॅमेरा असेल तर हात चोळत परतायचं. परसात तसं नसतं. इथे पाखरू तेच, काटकी तीच, येण्याची वेळही जवळपास तीच. आज सावलीत बसलं, उद्या उन्हात बसेल. उद्या ढग असतील तर परवा. मार्गशीर्ष-पौषात सूर्य शेजाऱ्यांच्या कौलांवरून वर आला की तिरपी किरणं थेट जास्वंदीवर पडतात, आणि मग साडेआठ ते नऊ एवढ्या वेळात हाच कॅमेरा असे फोटो देतो की लोक विचारतात, भिंग कुठलं? महागाचा कॅमेरा वाईट उजेडात फोटो काढण्यासाठी असतो. ज्याच्याकडे रोजचा चांगला उजेड फुकट येतो आणि रोजचं पाखरूही फुकट येतं, त्याने त्यासाठी लाख-दोन लाख का मोजायचे? माझं या यंत्राविषयीचं मत जे काही आहे ते या एका हिशेबावर उभं आहे.

तांबटाचं उदाहरण देते. शेवग्याची एक फांदी वाळलेली होती. ती तोडायची असं घरात दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहून जातं. थंडी सरता सरता तिथे तांबटाची जोडी आली आणि फांदीच्या खालच्या अंगाला भोक पाडायला लागली. खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जात नाही. आधी नुसता खळगा, मग डोकं जाईल एवढं, मग अर्धं अंग. नर-मादी आळीपाळीने खणतात. एक आत गेलं की शेपटी तेवढी बाहेर, आणि थोड्या वेळाने तोंड बाहेर काढून लाकडाचा भुसा हवेत उडवायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून शेवगा बारा-तेरा मीटरवर. १२०० च्या आसपास झूम, भोकावर स्पॉट फोकस, पिशवीवर कॅमेरा, आणि मी पोळ्या लाटत. ऊन तिरपं आलं की कपाळाचा लाल ठिपका पेटल्यासारखा होतो, गळा पिवळा, छातीवर लाल कोर, आणि चोचीच्या मुळाशी राठ काळे केस. हे केस नुसत्या डोळ्यांनी कधी दिसले नव्हते. एका फोटोत त्या केसांमध्ये भुशाचे कण अडकलेले आहेत, मोजता येतील इतके स्पष्ट. फोटो आयएसओ २०० चा आहे. माझ्या सगळ्या फोटोंत मला तोच आवडतो, आणि तो काही फार कौशल्याचा नाही. त्या जोडीला माझ्या खिडकीशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून तो निघाला.

घरट्याच्या बाबतीत इथेच सांगते. फांदी आड येते म्हणून छाटायची नाही, पानं बाजूला बांधायची नाहीत, फ्लॅश तर नाहीच. आड येणारी फांदी म्हणजेच कावळ्यापासूनचं संरक्षण. घरट्याचा फोटो मी कुठल्याही गटावर टाकत नाही. बऱ्याच गटांत तो स्वीकारतही नाहीत, आणि बरोबर करतात. लांबच्या झूमने ही शिस्त पाळणं सोपं होतं, पण शिस्त झूममध्ये नसते. २००० मिलिमीटर असूनही घरट्याखाली जाऊन उभे राहणारे लोक मी बघितले आहेत.

फोकसविषयी. उघड्या काटकीवरच्या पाखरावर फोकस पटकन बसतो. पानापानांत लपलेल्या शिंपी पक्ष्यावर कॅमेरा गोंधळतो, पुढचं पान पकडतो, मागचं पकडतो, मधला पक्षी सोडून देतो. फोकसची चौकट सगळ्यात लहान ठेवायची, आणि तरीही नाही जमलं तर जवळच्याच, तेवढ्याच अंतरावरच्या जाड फांदीवर आधी फोकस घेऊन मग पाखराकडे वळायचं. झूम मारल्यावर पाखरू फ्रेममधून निसटणं हा नवशिक्यांचा कायमचा त्रास. भिंगाच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, पाखरू शोधायचं, सोडलं की पुन्हा होता तिथे. हे बटण ज्याने ठेवलं त्याने नक्कीच कधीतरी शिंपी शोधला असणार. मोड निवडायच्या चकतीवर पक्ष्यांसाठी वेगळी खूण आहे, चंद्रासाठी वेगळी. पक्ष्यांची वाईट नाही, पण मी थोड्याच दिवसांत तिच्यातून बाहेर पडले, कारण तिच्यात आयएसओ माझ्या हातात राहत नाही. चंद्राची मात्र मजा आहे. पूर्ण झूमवर चंद्र फ्रेमची साधारण दोन तृतीयांश उंची भरून टाकतो. कोजागरीला आळीतली सगळी पोरं खळ्यात रांग लावतात.

जांभळा शिंजीर हा वेगळा विषय आहे. विणीच्या काळात नर उन्हाबाहेर नुसता काळा, आणि ऊन पडलं की जांभळा-निळा झगमगतो. कॅमेरा मात्र मागच्या लख्ख आकाशाकडे बघून सगळंच काळवंडून टाकतो. भिंगाच्या डाव्या अंगाला एक चकती आहे, तिच्यावर मी एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी-जास्त करण्याचं काम लावून ठेवलं आहे. डोळा व्ह्यूफाइंडरला, डावा अंगठा चकतीवर. आकाश पाठीमागे असेल तर एक टप्पा वर, बगळा उन्हात असेल तर एक टप्पा खाली. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न बदललेला कच्चा फोटो, काढता येते, ती काढाच. सावलीतलं बरंच काही नंतर वर आणता येतं. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच पिसं गुळगुळीत करून टाकतो.

उडणाऱ्या पक्ष्यांचं नाव काढू नका. एका सेकंदाला सात फोटो निघतात हे खरं, पण दहा झाले की कॅमेरा ते कार्डावर लिहीत बसतो आणि आपण बघत बसतो. भिरभिरणाऱ्या पाकोळीच्या मागे हा धावू शकत नाही. वेडा राघू मात्र सापडतो, कारण त्याची सवय आपल्या फायद्याची आहे: माशी पकडून तो बहुधा त्याच तारेवर परत येतो आणि तिला तारेवर आपटतो. त्याच्या मागे फिरवायचा नाही कॅमेरा. रिकाम्या तारेवर रोखून धरायचा.

किड्यांसाठी या कॅमेऱ्याला एक जोड हवी. झूम मागे घेऊन मॅक्रोवर ठेवला तर भिंगाच्या तोंडापासून एक सेंटिमीटरवरही फोकस होतो, पण एवढं नाक खुपसल्यावर कोळी थांबतो थोडाच! रेनॉक्सचं डीसीआर-२५० नावाचं छोटं भिंग चिमट्याने पुढे अडकवता येतं. पी ९५० चा फिल्टरचा आटा ६७ मिलिमीटरचा, आणि या चिमट्याची मर्यादाही ५२ ते ६७, म्हणजे कडेवर का होईना बसतो. याची ताकद ८ डायॉप्टर, त्यामुळे किडा साधारण साडेबारा सेंटिमीटरवर ठेवून झूम पुढे न्यायचा. झूम कमी असताना कोपरे काळे येतात, पुढे नेला की जातात. स्पष्ट भाग केसाएवढा पातळ: डोळे आले तर पाय धूसर. पहिल्यांदाच घेणाऱ्याने त्याचा धाकटा भाऊ डीसीआर-१५० घ्यावा. तो ४.८ डायॉप्टरचा, वीस-एकवीस सेंटिमीटर अंतर मिळतं, आणि हात थरथरला तरी निभावतं.

या जोडीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो लिंबावर. कोवळ्या पानांवर फुलपाखराची अंडी असतात, मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर गोल. त्यातून निघालेला सुरवंट सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसतो. तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वरून ओलसर चकाकी. भिंगातून बघताना कळतं की ही चकाकीसुद्धा सोंगाचाच भाग आहे. मोठा झाला की कात टाकून हिरवागार होतो. त्याला काडी लावून बघा, डोक्यामागून लालसर दुशिंगी मांसल अवयव बाहेर येतो आणि लिंबाचा उग्र वास सुटतो. ते शिंग एक-दोन सेकंदच बाहेर राहतं, म्हणून कॅमेरा आधी तयार ठेवायचा, आणि दर वेळी छळायचं नाही. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, २०१५ मध्ये ठरलेलं, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. लिंबावर औषध फवारायचं बंद करा, एवढं केलं तरी परसात त्याचं बाळंतघर सुरू होऊ शकतं. पानं कुरतडलेली दिसतात. दिसू देत.

पावसाळा. कोकणातल्या कुणीही कॅमेरा घेताना किमतीत कोरड्या डब्याचा खर्च धरावा. पी ९५० पावसापासून सुरक्षित बनवलेला नाही, आणि झूम करताना भिंगाची नळी आत-बाहेर होते तेव्हा दमट हवाही आत-बाहेर होते. आमच्याकडे आषाढात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, भिंगाला का नाही येणार? हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेल, आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. रंग बदलणारी सिलिका घेतली तर ओली झालेली कळते. मंद आचेवर, खाण्याच्या भांड्यात नाही, परतून घ्यायची. चामड्याच्या पाऊचमध्ये कॅमेरा कधीही ठेवू नका, बुरशीला तेच हवं असतं. कॅमेरा डब्यात तसाच आठवडे पडू देऊ नये, मधून मधून उन्हाच्या दिवशी बाहेर काढून वापरावा.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी एका चार्जमध्ये साधारण २९० फोटो असं कंपनीच सांगते. व्हिडिओ काढलेत तर त्याहून लवकर संपते, म्हणून दुसरी घ्याच. चार्जिंगला जुनी मायक्रो यूएसबी, म्हणजे घरातल्या मोबाइलची वायर चालेलच असं नाही. व्ह्यूफाइंडर स्वच्छ आहे, उन्हात त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. पडदा हवा तसा वळतो, त्यामुळे जमिनीवरच्या बेडकासाठी चिखलात लोळावं लागत नाही. पण त्याला बोटाने स्पर्श करून काही होत नाही, नातवंडं दाबून दाबून कंटाळतात. ४के व्हिडिओ आहे. वाय-फायने फोटो मोबाइलवर जातात, जरा आस्ते. मला तेवढं पुरतं, कारण माझे फोटो जातात ते मुख्यतः ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, यादीसोबत. फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, चार दिवस. भारतात तो २०१३ पासून होतो. निदान पंधरा मिनिटं परसात बसून दिसतील ते पक्षी मोजायचे. फोटो लागतच नाहीत, पण वटवट्या कुठला याची शंका आली की धूसर फोटोही साक्षीला उभा राहतो. तिथे २००० मिलिमीटरचा सावळा, दाणेदार फोटोसुद्धा सोन्यासारखा.

दुसरं काय घेता येईल? याच घराण्यातला पी १००० हा २०१८ चा, ३००० मिलिमीटरपर्यंत जाणारा. त्याचाच नवा अवतार पी ११०० हा २०२५ मध्ये आला. दोन्ही जवळपास १४०० ग्रॅमचे, आणि पूर्ण झूमवर तोंड एफ/८. जास्त लांब, जास्त जड, अजून अंधार. परसासाठी मला तो सौदा पटत नाही. बदलत्या भिंगांचा कॅमेरा आणि १५०-६०० चं भिंग घेतलं तर फोटो निर्विवाद चांगले येतील, वाईट उजेडात तर फारच. पण ते भिंग एकटंच दोन किलोच्या घरात, आणि खर्च कितीतरी पट. ते पोळ्या लाटता लाटता उचलून होत नाही. ज्याला हा छंद पुढे जंगलापर्यंत न्यायचा आहे हे आत्ताच पक्कं माहीत आहे, त्याने मात्र हा कॅमेरा घेऊन मग दोन वर्षांनी विकण्यापेक्षा थेट तिकडेच जावं.

पैसे कमी असतील तर वापरलेला पी ९०० बघायला हरकत नाही. २०१५ चा, झूम तोच ८३ पट, वजनाला शंभरेक ग्रॅम हलका. पण त्यात रॉ नाही, ४के नाही, आणि व्ह्यूफाइंडर बराच कमी स्पष्ट. रॉ नसणं मला सगळ्यात जास्त खटकेल. वापरलेला कुठलाही घेताना विक्रेत्याच्या घरी किंवा दुकानात, दिवसाउजेडी जा. झूम पूर्ण बाहेर काढा आणि पुन्हा आत घ्या, दोन-तीनदा; खरखर किंवा अडखळ वाटली तर तिथूनच नमस्कार. नळी बाहेर असताना हलक्या हाताने चाचपून बघा, जास्त डुगडुगता कामा नये. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून भिंगात पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा ढगाळ डाग दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. आणि समोरच्या विजेच्या खांबावरच्या कावळ्याचा एक फोटो पूर्ण झूमवर काढून, कार्ड घरी आणून मोठ्या पडद्यावर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कावळा नसेल तर खांबावरचा नंबर चालेल.